छेदात नसलेले मूल

१९२१ साली मुंबई शहरात बालमृत्यूचा दर हजारी ६६६ निघाला. हजार मुले जन्मली, त्यांतली ६६६ पहिला वाढदिवस पाहण्याआधी गेली, असा या आकड्याचा सरळ अर्थ. तिघांतली दोन. त्याच वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये हा दर ८३ होता. युद्ध आणि इन्फ्लुएंझाची साथ यांतून शहर नुकते बाहेर पडत होते. महागाईने कंबरडे मोडले होते आणि गिरण्यांत संपांवर संप झाले होते. त्यात हा आकडा आला आणि पुढची दहा वर्षे सभांतून, अहवालांतून, वर्तमानपत्रांतून फिरत राहिला.

त्याचे अर्थ मात्र तीन तऱ्हांनी लावले गेले. मजुरांची बाजू मांडणारे म्हणत, हे गिरणगावाने घेतलेले बळी आहेत. साहेबांपैकी पुष्कळ आणि आपल्यातले काही सुशिक्षितही म्हणत, हा आयांच्या अडाणीपणाचा परिणाम आहे. सुईण, अफू, अस्वच्छता, दुसरे काय? तिसरा पक्ष शांतपणे सांगे की आकडाच चुकीचा आहे, फुगलेला आहे, त्यावर फार गळा काढू नये.

मला या तिघांत तिसरा पक्ष सर्वांत उपयोगाचा वाटतो. त्याचे म्हणणे खरे होते. फक्त त्याने ते अर्ध्यावर सोडले. आकडा चुकला म्हटल्यावर तो कुठे चुकला, कोणत्या बाजूला चुकला आणि का चुकला, हे विचारायला हवे होते. ते विचारत गेले की त्या काळातल्या शहराची आरोग्यसेवा कुणापर्यंत पोचत होती आणि कुणापर्यंत नव्हती, हे इतर कुठल्याही अहवालापेक्षा या चुकीतूनच नीट दिसू लागते.

आधी दर म्हणजे काय ते पाहू. बालमृत्यूचा दर हा एक साधा अपूर्णांक आहे. वर अंश, खाली छेद. वर वर्षभरात मेलेली एक वर्षाखालची मुले, खाली त्याच वर्षात जन्मलेली मुले, आणि उत्तराला हजाराने गुणायचे. शाळेतल्या गणितात अंश आणि छेद एकाच वहीतून येतात. शहराच्या गणितात ते दोन वेगळ्या वह्यांतून येत, आणि त्या वह्या भरण्याच्या तऱ्हा अगदी निराळ्या होत्या.

मृत्यू लपत नाही. प्रेत स्मशानात किंवा दफनभूमीत न्यावेच लागते आणि तिथे नोंद होतेच. मुंबईत तर १८९६ च्या प्लेगनंतर कोण, कुठे आणि कशाने मेले यावर आरोग्य खात्याची नजर फार कडक झाली होती. दोन महिन्यांचे मूल गेले तरी त्याची ओळ वहीत पडे. जन्माचे तसे नाही. जन्म खोलीच्या आत होतो आणि खोलीतच राहतो. बाळाला कुठल्या दारातून न्यावे लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. १८८८ च्या महापालिका कायद्याने जन्म कळवणे बंधनकारक होते, पण कळवायला कुणी जायचे? बाप पाळीला गेलेला, आई बाळंतीण, सुईणीला अक्षर येत नाही. महापालिकेच्या परिचारिका चाळीचाळींतून फिरत आणि न नोंदलेली बाळंतपणे हुडकत. म्हणजे मृत्यू आपल्या पायांनी वहीपर्यंत येई आणि जन्माला शोधून आणावे लागे. अंश जवळजवळ पुरा, छेद तोकडा. नुसत्या एवढ्यानेच दर वर जाणार.

पण नोंदणीतली ढिलाई हे कारण लहान आहे. मोठे कारण मराठी घरात वाढलेल्या कुणालाही सांगावे लागू नये. बाळंतपण माहेरी होते.

१९२१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेबारा लाखांच्या घरात होती आणि त्यांतले दोन लाखांहून अधिक लोक एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. शिवाय सातारा, पुणे, अहमदनगरकडचे घाटी लोक. दर हजार पुरुषांमागे शहरात फक्त ५२५ बायका. शहर पुरुषांचे होते. घर गावाकडे होते आणि मुंबईत होती ती खोली. ज्या बायका नवऱ्याबरोबर मुंबईत राहत, गिरणीच्या रिळावर किंवा वाइंडिंगला कामाला जात, त्यांनाही सातवा-आठवा लागला की गावाची ओढ लागे. पहिले बाळंतपण तर माहेरचेच. पुढचीही, जमेल तशी. कोकणातल्या बाईला आणखी एक हिशेब करावा लागे: पावसाळ्यात बोटी बंद. श्रावणात दिवस भरणार असतील तर बोटी लागून राहण्याआधीच निघायला हवे. मग गावी बाळंतपण, शेक-शेगडी, काढा, सव्वा महिना. त्यानंतर कधी दोन, कधी तीन-चार महिन्यांनी ती बाळाला घेऊन परत त्याच खोलीत येई आणि काही दिवसांत कामावर उभी राही.

आता त्या बाळाचे हिशेबात काय झाले ते पाहा. जन्मले रत्नागिरी जिल्ह्यात, तिथल्या वहीत. मुंबईत ते पाच महिन्यांचे असताना हगवणीने किंवा छातीच्या विकाराने गेले, तर मृत्यू मुंबईच्या वहीत. अंशात ते आहे, छेदात नाही. मुंबईच्या अपूर्णांकात असे मूल कधी जन्मलेच नाही, थेट मेले.

यामुळे दर किती बिघडू शकतो, याचा अंदाज एका कल्पित वस्तीवरून घेऊ. समजा, वर्षभरात तिथे १०० जन्म नोंदले गेले आणि ६० मुले गावाहून आणली गेली. १०० पैकी ३० गेली. गावाहून आलेल्या ६० पैकी समजा १२ गेली. एकूण ४२ मृत्यू आणि नोंदलेले जन्म १००, म्हणून सरकारी दर हजारी ४२०. कुणी शहाणा म्हणेल, छेदात ती ६० घाला, १६० करा, की झाले. मग उत्तर येते सुमारे २६२. पण हेही उत्तर चुकीचेच. बाळाच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ पहिला महिना, त्यातही पहिला आठवडा. गावाहून आलेली ही ६० मुले तो काळ गावी ओलांडून आलेली आहेत, त्यातून जी वाचली तीच बोटीत बसली. जी गावीच गेली ती मुंबईच्या ना अंशात ना छेदात. अशी निवडलेली मुले पूर्ण वर्षाची मुले म्हणून मोजली तर दर खोटा उतरतो. उलटा प्रवाहही आहेच: मुंबईत जन्मून गावी नेलेले आणि तिथे गेलेले बाळ छेदात राहते आणि अंशातून निसटते. खरा दर ४२०ही नाही आणि २६२ही नाही. तो काढायचा तर प्रत्येक बाळाच्या पाठोपाठ वर्षभर दोन जिल्ह्यांतून फिरावे लागेल.

एवढे गणित करून दाखवण्याचे कारण असे की आकडा फुगलेला आहे हे त्या काळच्या जाणत्या लोकांना ठाऊक होते. गिरणी कामगारांच्या राहणीवर १९२५ साली पुस्तक लिहिणाऱ्या बर्नेट-हर्स्ट यांनीही ही सावधगिरी बाळगलेली आहे. ठाऊक असून तो प्रश्न बहुतेकांनी संख्याशास्त्राची अडचण म्हणून बाजूला ठेवला. मला तिथेच खरा प्रश्न सुरू होतो असे वाटते.

१९२१ चेच खोल्यांप्रमाणे पाडलेले दर घ्या. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत बालमृत्यू हजारी ८२८. दोन खोल्यांत ३२२. तीन खोल्यांत १९१. चार किंवा अधिक खोल्यांत १३३. शहराची सुमारे दोन तृतीयांश वस्ती एका खोलीत राहत होती. हे चार आकडे एकाखाली एक लिहिले की जिना उतरावा तसे दिसतात, आणि सुधारकांनी ते तसेच वापरले: खोली वाढवा, मूल वाचेल. (गंमत अशी की याच सुमारास सरकारचे डेव्हलपमेंट खाते वरळी, नायगाव, शिवडी, डिलाइल रोड इथे हजारोंनी खोल्या बांधत होते. बीडीडी चाळी म्हणून त्या अजून ओळखल्या जातात. त्यांतले बहुतेक गाळे एका खोलीचेच.)

पण छेदाची गोष्ट लक्षात ठेवून ८२८ कडे पुन्हा पाहा. बाळंतपणासाठी गावी कोण जाते? चार खोल्यांच्या बिऱ्हाडातली बाई क्वचित. तिच्या घरी बाळंतिणीची खोली निघते, सासू असते, डॉक्टर येऊ शकतो. जिच्या दहा बाय बाराच्या खोलीत नवरा, दीर, दोन-तीन पोटभाडेकरू आणि चूल एकत्र आहेत, तिला प्रसूत व्हायला आडोसाच नाही. ती जाणारच. म्हणजे छेद सगळ्यांत जास्त आक्रसतो तो एका खोलीच्या रकान्यात. ८२८ हा आकडा चारांत सर्वांत जास्त खोटा आहे, आणि तो ज्या कारणाने खोटा आहे ते कारण खोलीच आहे. तिच्यात माणूस झोपू शकत होता, मरू शकत होता, जन्मू मात्र शकत नव्हता. चूक वजा करून टाकली तर ही माहितीही तिच्याबरोबर वजा होते.

इथे कुणी म्हणेल, मग बायका गावी जात हे बरेच होते की. बरेचसे बरेच होते. गिरणी तिला विश्रांती देत नव्हती, ती माहेर देत होते. शहराने बाळंतपणाची जी सेवा उभारली नव्हती ती कोकणातल्या आया, चुलत्या आणि सुईणी फुकट पुरवत होत्या. मुंबईच्या कापडाच्या किमतीत हा खर्च कधीच धरला गेला नाही. पण माहेरची मदत बोटीच्या धक्क्यावर संपे. बाळ मुंबईला आले की वर्षातले उरलेले महिने शहराचे, आणि शहराच्या वहीत ते नव्हते.

वहीत नसणे म्हणजे नेमके काय नसणे, हे समजायला जरा इंग्लंडकडे जावे लागते, कारण मुंबईतली बालकल्याणाची सगळी कल्पना तिथूनच आली होती. इंग्लंडात १९०७ साली एक लहानसा कायदा झाला. जन्म झाल्यापासून ३६ तासांच्या आत स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचे. आधी तो ऐच्छिक होता. ज्या नगरपालिकेला हवा तिने लागू करावा. १९१५ मध्ये तो सर्वांना बंधनकारक झाला. जन्मनोंदणी तिथे आधीपासून होतीच, पण तिला सहा आठवड्यांची मुदत होती. सहा आठवड्यांनी मिळालेली बातमी वंशावळीला उपयोगी, बाळाला नाही. ३६ तासांत बातमी मिळाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परिचारिका दारात उभी राही: अंगावर पाजते का, वरचे दूध देत असेल तर ते उकळते का, नाळ कशी आहे, डोळे चिकटले आहेत का. १९१८ मध्ये माता-बालकल्याणाचा स्वतंत्र कायदा आला आणि नगरपालिकांना केंद्रे, दूध, भेटी देणाऱ्या परिचारिका यांवर खर्च करायची वाट मोकळी झाली. या सगळ्या यंत्रणेच्या मुळाशी होता तो जन्माचा कागद. ज्याचा कागद आला त्याच्या घरी भेट.

मुंबईने हाच साचा उचलला. १९२० नंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पत्नीच्या पुढाकाराने बालकल्याणाची संस्था उभी राहिली आणि गिरणगावाच्या आसपास केंद्रे निघाली. महापालिकेच्या परिचारिका होत्याच, प्रसूतिगृहेही निघत होती. पुण्यात रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांच्या सेवासदनाने परिचारिका आणि सुइणी शिकवून तयार करण्याचे काम आधीच अंगावर घेतले होते. ते काम दिखाऊ नव्हते आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण साचा इंग्लंडातला, आणि इंग्लंडातली बाई ज्या गल्लीत राहते त्याच गल्लीत बाळंत होते, या गृहीतावर बेतलेला. जन्माची यादी हातात घेऊन चाळीत शिरणाऱ्या परिचारिकेच्या यादीत कोकणातून आलेले पाच महिन्यांचे मूल असण्याचा संभव नव्हता. शेजारच्या खोलीतल्या बाळाला पाहायला ती आली आणि कुणी हाक मारून सांगितले, बाई, इकडेपण एक आहे, तरच.

म्हणजे दर काढताना जे मूल छेदातून गळत होते तेच मूल सेवेच्या यादीतूनही गळत होते. या दोन वेगळ्या चुका नाहीत. कारकुनाच्या टेबलावर जो छेद असतो तोच चाळीत परिचारिकेच्या हातातली यादी असतो: शहराने आपली म्हणून स्वीकारलेली मुले. १९२१ चा ६६६ हा आकडा, नीट वाचला तर, असे सांगतो की या शहरात मरणारी पुष्कळ मुले अशी होती की जी जिवंत असताना शहराला त्यांचा पत्ता नव्हता.

एवढ्याने पहिला पक्ष, म्हणजे गिरणगावाने बळी घेतले म्हणणारा, खोटा ठरतो का? नाही. ज्या बिऱ्हाडांत छेदाची गडबड सर्वांत कमी, त्या चार खोल्यांतही १३३ होते. मुंबईतले सर्वांत सुखवस्तू रकान्यातले बाळ सबंध इंग्लंडातल्या सरसकट बाळापेक्षा वाईट स्थितीत होते. आणि एका खोलीतला खरा दर ८२८ ऐवजी याच्या निम्मा धरला, तरी तो भयंकरच राहतो. कारणेही उघड होती. १९२२ साली सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाआधीच्या आणि नंतरच्या स्थितीची पाहणी केली. अशा आयांच्या मुलांपैकी ९८ टक्क्यांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. बाळगोळी. ती विकत मिळे, आणि ती दिली की बाळ आईच्या पाळीभर गुंगीत पडून राही. भूक लागत नाही, रडत नाही, दूध मागत नाही. हळूहळू वाळत जाते.

दुसरा पक्ष इथे बोट ठेवी: पाहा, अडाणीपणा. १९२७ मध्ये कॅथरिन मेयोबाईंचे 'मदर इंडिया' हे पुस्तक आल्यावर तर या बोटाला जगभर प्रेक्षक मिळाले. पण दहा तास यंत्रापाशी उभी राहणारी, मूल सांभाळायला घरात कुणी नसलेली, नाईकिणीची, म्हणजे मुकादमिणीची, मर्जी राखून जागा टिकवणारी बाई बाळाला गोळी देते तेव्हा तिला गोळीचे गुण माहीत नसतात असे नाही. तिला तिचा एकच गुण हवा असतो, तो म्हणजे बाळ झोपते. गिरण्यांत पाळणाघरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. गावी असताना याच बाळाला गोळीची गरज फारशी नव्हती, कारण मांडी होती. बाई तीच, बाळ तेच. बदलली ती जागा आणि कामाची पाळी. अडाणीपणाच कारण असता तर तो बोटीच्या प्रवासात अंगात शिरला म्हणावे लागेल.

त्या काळचे 'बालसप्ताह' मला म्हणून थोडे केविलवाणे वाटतात. मंडप, तक्ते, मॅजिक लँटर्नची चित्रे, बाळांची वजने आणि सर्वांत गुटगुटीत बाळाला बक्षीस. त्यांतून काही आया काही शिकल्याही असतील, दूध उकळावे हे कुणीतरी सांगायलाच हवे. पण पारितोषिकासाठी उभ्या असलेल्या ओळीत कोण येई? ज्या आईला दुपारी मोकळीक आहे तीच. इथेही पुन्हा तेच मूल गैरहजर.

सेवेची जबाबदारी कुणाची, याचेही उत्तर याच सुमारास बदलत होते. १९१९ च्या सुधारणांनी स्थानिक स्वराज्य आणि सार्वजनिक आरोग्य ही खाती प्रांतांतल्या लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपवली. वाचायला छान वाटते. पण तिजोरीच्या किल्ल्या सोपीव खात्यांत नव्हत्या. काम खाली ढकलले गेले आणि पैसा वर राहिला. खर्च करण्याची ऐपत ज्या थोड्या स्थानिक संस्थांकडे होती त्यांत मुंबई महापालिका पहिली, आणि तिने तो केलाही. रत्नागिरीच्या लोकल बोर्डाकडे तशी ऐपत कुठून असणार? मुंबईच्या मजुरांची बाळंतपणे मात्र त्या जिल्ह्याच्या अंगावर.

पुढच्या काही वर्षांत मुंबईचा दर उतरत गेला. तो चारशेच्या आसपास आला आणि दशक संपता संपता तीनशेच्या. ही उतरण नेमकी कशाची, हा प्रश्न आपल्या विषयाच्या गाभ्यातला आहे.

या काळात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. एक परळमध्ये. १९२६ मध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले, गिरणगावाच्या मधोमध. त्याच सुमारास महापालिकेचे केईएम उभे राहिले, आणि १९२९ मध्ये मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय. चाळीपासून चालत जाता येईल अशी बाळंतपणाची खाट मिळू लागली. खोलीत आडोसा नसेना, वॉर्डात आहे. गावी जाण्याचे एक कारण तेवढ्यापुरते कमी झाले.

दुसरी गोष्ट कायद्याची. प्रसूतीच्या आधी व नंतर काही आठवडे पगारी विश्रांती मिळावी म्हणून ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणले, ते पडले. मग मुंबईच्या कौन्सिलात रावसाहेब आसवले यांनी ते मांडले. १९२८ मध्ये त्याला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी घेतलेली भूमिका आपल्या छेदाच्या प्रश्नाला थेट जाऊन भिडते. बाळंतपणात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा. पण तोवर बाईच्या श्रमांतून ज्याला फायदा होतो तो मालकही त्यातून सुटू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे हे मूल कुणाच्या हिशेबात धरायचे, याला त्यांनी स्पष्ट उत्तर दिले: मालकाच्याही आणि सरकारच्याही. १९२९ मध्ये कायदा झाला. हिंदुस्थानातला या प्रकारचा तो पहिला. भार मात्र एकट्या मालकावर पडला. दर दिवसाला आठ आणे.

आठ आणे थोडे होते. तरी त्यांनी एक वेगळेच काम केले. पैसे मिळवायचे तर बाळ जन्मल्याचा पुरावा द्यावा लागे, आणि नोंदवहीतली नोंद हा त्यातला सरळ पुरावा. आजवर जन्म नोंदवण्यात चाळीतल्या बाईचा फायदा काहीच नव्हता, नोंदवला तर उलट देवी टोचणारा दारात येई. आता नोंदीला किंमत आली. प्रसूतिगृहात तर नोंद करायला वेगळे जावेच लागत नव्हते, ती होऊनच जाई.

आता उतरण पुन्हा पाहा. प्रसूतिगृहात बाळंत झालेल्या बाईचे मूल स्वच्छ हातांनी जन्मले, म्हणून ते वाचण्याचा संभव वाढला आणि अंश लहान झाला. तेच मूल मुंबईच्या वहीत नोंदले गेले, म्हणून छेद मोठा झाला. दोन्हींनी दर खालीच येतो. सहाशेंवरून तीनशेंपर्यंतच्या प्रवासात किती मुले खरोखर वाचली आणि किती नुसती मोजली गेली? खात्याच्या अहवालात दर उतरला की श्रेय सेवेला दिले जाई, आणि शंकेखोर म्हणे की नोंदणी सुधारली, दुसरे काही नाही. पण वाचवणारा आणि मोजणारा हात बहुतेक वेळा एकच होता. नोंद झालेल्या बाळाकडे परिचारिका जाऊ शकत होती, आणि परिचारिका जात होती म्हणून नोंद होत होती. हे दोन परिणाम कागदावर वेगळे करू पाहणाऱ्याला एकाच खाटेवरचे एकच मूल दोनदा चिरावे लागेल.

मात्र या सुधारणेलाही हद्द होती, आणि ती शहराच्या हद्दीवरच होती. जी बाई गिरणीत कायम नव्हती, बदलीवर होती, जी लागोपाठ पुरेसे महिने कामावर नसल्याने कायद्यात बसत नव्हती, जी पापड-मसाल्याची किंवा खाणावळीची कामे करून चार पैसे मिळवत होती, तिला आठ आणेही नव्हते आणि गावी जाण्याचे कारणही पूर्वीइतकेच होते. तिचे मूल १९३० नंतरही बोटीनेच येत राहिले.

राहिली दुसरी वही. रत्नागिरीच्या बाजूने हाच हिशेब उलटा होतो, आणि त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. तिथे जन्म नोंदले जात आणि त्यांतल्या पुष्कळ मुलांचे मृत्यू मुंबईत जाऊन होत. छेद भरलेला, अंश गळका. त्यामुळे त्या जिल्ह्याचा बालमृत्यूचा दर असावा त्यापेक्षा कमीच दिसणार. कोकणची हवा मुलांना मानवते, असा निष्कर्ष त्यावरून कुणी काढला तर त्याला आकड्यांचा आधारही मिळाला असता. गावची वही गावकामगारांकडे, मुंबईची वही महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे. दोघांचे कायदे वेगळे, दोघांचे तक्ते एकाच प्रांताच्या वार्षिक अहवालात वेगवेगळ्या पानांवर छापले जात. एका पानावर जन्मलेले आणि दुसऱ्या पानावर मेलेले मूल एकच आहे, हे त्या तक्त्यांत कुठल्याच रकान्यात लिहायची सोय नव्हती.